पावणेबावीस हजारांचा फरक

मी न्यू इंग्लंडमधल्या एका लहान गावाच्या कार्यालयात हिशेबाचं काम करते. गावाची वस्ती नऊ हजारांच्या आसपास. इथे अजून वर्षातून एकदा सगळे मतदार शाळेच्या सभागृहात जमतात आणि हात वर करून अंदाजपत्रक मंजूर करतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला आमच्याकडची ग्रामसभाच आठवली. माझे वडील, म्हणजे आप्पा, सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक होते. आक्षेप, अनुपालन, उपयोगिता प्रमाणपत्र हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. ऑडिटचे दिवस आले की आप्पा घरात फारसे बोलत नसत. ते का बोलत नसत, ते मला २०२३ साली कळलं.

झालं ते सगळं सांगते. अमेरिकेत गावांच्या, शहरांच्या, शाळांच्या हिशेब खात्यांत बरीच मराठी माणसं काम करतात. त्यांच्यापैकी एखाद्याची रात्रीची झोप वाचली तरी पुरे.

मी २०२१ च्या शरद ऋतूत इथे मदतनीस म्हणून लागले. जून २०२२ मध्ये आमच्या मुख्य अकाउंटंट निवृत्त झाल्या आणि खुर्ची माझ्याकडे आली. त्यांनी दोन आठवडे सगळं समजावून सांगितलं होतं. पण फेडरल ग्रँटच्या ऑडिटचा विषयच निघाला नाही, कारण त्यांच्या काळात गावाला तेवढे पैसे कधी आलेच नव्हते. आमच्या शाळा वेगळ्या प्रादेशिक मंडळाकडे आहेत. शाळांना मिळणारा फेडरल पैसा त्यामुळे आमच्या वह्यांत येत नाही.

मार्च २०२१ मध्ये कोविड मदतीचा मोठा कायदा झाला. राज्यं आणि स्थानिक संस्थांसाठी त्यात ३५० अब्ज डॉलर होते. आमच्यासारख्या लहान गावांचा वाटा राज्य सरकारामार्फत दोन हप्त्यांत आला. आम्हाला एकूण ९ लाख डॉलरच्या आसपास मिळाले. गावाने ठरवलं की जुनी पाण्याची मुख्य वाहिनी बदलायची. काम २०२२ च्या उन्हाळ्यात सुरू झालं. आमचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात या कामावर ४ लाख ६२ हजार खर्च झाले. ट्रेझरीला, म्हणजे फेडरल अर्थखात्याला, दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत खर्चाचा अहवाल द्यावा लागे. २०२३ चा अहवाल मीच भरला आणि वेळेत भरला.

सप्टेंबर २०२३ मध्ये वार्षिक ऑडिटची प्राथमिक बैठक फोनवर झाली. ऑडिटर बाईंनी विचारलं, "या वर्षी फेडरल खर्च किती?" मी म्हटलं, "४ लाख ६२ हजार." तेव्हाचा नियम असा होता की एका वर्षात सगळ्या फेडरल कार्यक्रमांचा मिळून खर्च साडेसात लाख डॉलर किंवा त्याहून जास्त झाला की 'सिंगल ऑडिट' लागतं. म्हणजे नेहमीच्या ऑडिटशिवाय फेडरल पैशांची स्वतंत्र, अटींप्रमाणे तपासणी. आपण त्या रेषेच्या खूप खाली आहोत असं मी ठामपणे सांगितलं. तो ठामपणा आठवला की अजून पोटात कसंतरी होतं.

आठवड्याभराने त्यांच्या कार्यालयातल्या एका तरुण मुलाचा ईमेल आला. त्याने आमच्या खतावणीतल्या दोन जमा नोंदी काढून पाठवल्या होत्या. एक २ लाख १३ हजार ७५० ची, दुसरी ९६ हजारांची. त्याचा प्रश्न एवढाच होता: हे पैसे मुळात कुठून आले?

पहिली रक्कम राज्याच्या आपत्ती विभागाकडून आली होती, म्हणून मी ती राज्याच्या अनुदानात टाकली होती. आदल्या आर्थिक वर्षात वादळाच्या पावसाने एका रस्त्याखालची मोरी वाहून गेली होती. गावाने २ लाख ८५ हजार खर्चून ती पुन्हा बांधली. त्यातले ७५ टक्के फेमाने दिले. फेमा हे फेडरल खातं. राज्याने फक्त पैसे पुढे पाठवले होते. मी चेक कोणाचा आहे ते पाहिलं, पैसा कोणाचा आहे ते पाहिलं नाही.

इथे आणखी एक मेख होती. समजा हा पैसा फेडरल आहे हे मला माहीत असतं, तरी खर्च आदल्या वर्षीचा म्हणून मी तो या वर्षी धरला नसता. पण फेमाच्या या मदतीचा नियम वेगळा आहे. खर्च झालेला हवा आणि फेमाची मंजुरीही मिळालेली हवी. या दोन्ही गोष्टी ज्या वर्षी पूर्ण होतात त्या वर्षी तो खर्च यादीत धरायचा. मंजुरी नोव्हेंबर २०२२ मध्ये आली होती. म्हणजे खर्च जुना असला तरी मोजायचा याच वर्षात.

९६ हजार होते अग्निशमन दलाचे. फायर चीफनी स्वतः अर्ज करून, स्वतः पाठपुरावा करून ग्रँट मिळवली होती. आगीत शिरताना पाठीवर घ्यायच्या हवेच्या टाकीचे बारा संच त्यातून घेतले. मंजुरीचं पत्र त्यांच्या ईमेलमध्ये होतं. मी कधी मागितलं नव्हतं, त्यांनी कधी पाठवलं नव्हतं. त्यात त्यांची चूक नव्हती. गावात कोणाला ग्रँट मिळाली तर ती कळवायची कोणाला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिन्ही आकडे मिळवले. ७ लाख ७१ हजार ७५०. रेषेच्या वर पावणेबावीस हजार डॉलर. मी तीनदा बेरीज केली.

टाउन मॅनेजरांना सांगायला गेले तेव्हा माझा आवाज बसला होता. ते चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "फी किती वाढेल?" नव्या कामाचे ऑडिटरांनी १४ हजार सांगितले. अंदाजपत्रकात त्याची तरतूद नव्हती. वित्त समितीकडे राखीव निधीतून रक्कम मागावी लागली. सिंगल ऑडिट नियमाने लागत असेल तर त्याच्या फीचा रास्त वाटा फेडरल ग्रँटला लावता येतो, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर समितीपुढे जाताना जरा बरं वाटलं असतं.

त्या बैठकीनंतर समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्याने मला बाजूला बोलावलं. माणूस भला, गावासाठी वर्षानुवर्षं फुकट राबणारा. ते म्हणाले, "पाइपलाइनच्या खर्चात इंजिनियरचे ४२ हजार आहेत ना? ते गावाच्या स्वतःच्या निधीतून दाखव. फेडरल आकडा खाली येतो आणि ऑडिटच लागत नाही." हिशेब बरोबर होता. ७ लाख २९ हजार ७५० झाले असते.

मला तो विचार आवडला, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी संगणकावर ती नोंद टाइपही केली. फक्त जतन केली नाही. कारण एप्रिलचा ट्रेझरीचा अहवाल बाजूच्या खिडकीत उघडा होता. त्यात तेच ४२ हजार या प्रकल्पावर खर्च झाल्याचं मी लिहिलं होतं. खाली माझं नाव होतं.

रात्री आप्पांना फोन केला. त्यांची सकाळ होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आक्षेप येऊ दे गं. अनुपालन करता येतं. वर्ष संपल्यावर व्हाउचर फिरवलं की तुलाच त्याची गोष्ट रचत बसावं लागेल, आणि दरवर्षी तीच गोष्ट सांगावी लागेल." मग त्यांनी पहिल्यांदाच मला सांगितलं की जुन्या एका लेखा आक्षेपापायी त्यांच्या पेन्शनचे कागद आठ महिने अडले होते. आक्षेप कशाचा, तर मोजमाप पुस्तिकेत एक सही राहिली होती. काम चोख झालेलं होतं. आई तेव्हा घरखर्चासाठी मामाकडून पैसे आणायची. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होते आणि घरून माझे पैसे वेळेवर येत होते.

नोंद पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी त्या सदस्यांना सांगितलं की जमणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि विषय सोडला.

पुढचं काम फेडरल खर्चाची यादी नव्याने करायचं. इथे तिला 'सेफा' म्हणतात. प्रत्येक कार्यक्रमाला पाच अंकी क्रमांक असतो. आमच्या कोविड निधीचा २१.०२७, फेमाच्या आपत्ती मदतीचा ९७.०३६, अग्निशमनाचा ९७.०४४. मंजुरीच्या पत्रावर हा क्रमांक असतोच. जमा झालेल्या पैशाच्या कागदावर असा क्रमांक दिसला की तो पैसा फेडरल, मग चेक कोणाचाही असो. यादी करताना पुन्हा एक चूक होता होता राहिली. कोविडचा पैसा राज्यामार्फत आला म्हणून मी राज्याला मधला दुवा दाखवलं होतं. पण या निधीत लहान गावं ट्रेझरीची थेट लाभार्थी धरली जातात. फेमाच्या मदतीत मात्र राज्य हा खरोखरच मधला दुवा. दोन्ही पैसे राज्याकडूनच आले, तरी एक थेट आणि एक मार्फत. हे त्या तरुण ऑडिटरने न कंटाळता समजावलं.

जानेवारी २०२४ मध्ये दोघं ऑडिटर चार दिवस आमच्या सभेच्या खोलीत बसले. खोलवर तपासायला त्यांनी सगळ्यात मोठा कार्यक्रम निवडला, म्हणजे पाइपलाइन. मी निर्धास्त होते. टेंडरची जाहिरात, आलेल्या निविदा, सर्वात कमी दराच्या ठेकेदाराची निवड, मजुरांच्या पगाराचे कागद, सगळं फायलीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ठेकेदार फेडरल कामांतून बाद केलेला नाही, हे करारापूर्वी तपासलं होतं का?" २५ हजार डॉलर आणि त्यावरच्या करारांना हे लागतं. तीन मार्ग असतात. सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधायचं, किंवा ठेकेदाराकडून लेखी हमी घ्यायची, किंवा करारातच तशी अट घालायची. आमच्या खरेदीच्या कारकून बाई म्हणाल्या, "मी बघितलं होतं." मला त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण बघितल्याचा कागद नव्हता. आम्ही लगेच शोधलं. ठेकेदार स्वच्छ निघाला. त्या पानावर तारीख मात्र जानेवारी २०२४ ची आली, आणि करार २०२२ चा. दोन मिनिटांचं काम आणि एक प्रिंट.

मग इंजिनियरचे ते ४२ हजार. आमच्या राज्याच्या खरेदी नियमांत इंजिनियरच्या सेवेला कोटेशनची सक्ती नाही. त्यामुळे गावाने पंधरा वर्षांपासून ओळखीच्या असलेल्या फर्मलाच काम दिलं, आणि राज्याच्या नियमाने ते बरोबर होतं. फेडरल नियमात अशी सूट नाही. तेव्हा १० हजारांच्या वर गेलं की एकापेक्षा जास्त ठिकाणांहून दर मागवावे लागत. दोन नियमांपैकी जो कडक असेल तो पाळायचा, हे मला माहीत नव्हतं. इंजिनियरने काम उत्तम केलं होतं, दरही वाजवी होता. तरीही ती रक्कम अहवालात 'प्रश्नांकित खर्च' म्हणून गेली, कारण २५ हजारांवरची अशी रक्कम ऑडिटरना लिहावीच लागते.

तिसरी गोष्ट, फेडरल अटींप्रमाणे खरेदी कशी करायची याची लेखी पद्धत आमच्याकडे नव्हती. आणि चौथी, माझी पहिली यादी चुकीची होती. आमच्या अंतर्गत नियंत्रणातली ही गंभीर त्रुटी, असं त्यांनी लिहिलं. या चौथ्या आक्षेपाचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण त्यात मीच होते.

अग्निशमनाची ग्रँट त्यांनी खोलवर तपासली नाही. पण तोवर माझा धीर सुटला होता, म्हणून मी स्वतःच जाऊन बघितलं. तेव्हा ५ हजार डॉलर आणि त्यावरच्या प्रत्येक वस्तूची नोंदवही ठेवावी लागे आणि दर दोन वर्षांनी प्रत्यक्ष मोजणी करावी लागे. संच मोजले तर अकरा भरले. बारावा दोन दिवस सापडेना. मग कळलं की शेजारच्या गावात मोठी आग लागली तेव्हा आमची गाडी मदतीला गेली होती आणि एक संच तिथेच राहिला होता. तो परत आला. चीफनी त्याच दुपारी बारा चिकटपट्ट्यांवर क्रमांक लिहून प्रत्येकावर लावले. मी नोंदवही करून दिली.

आक्षेपांना उत्तर म्हणून सुधारणेचा आराखडा गावाने स्वतःच्या कागदावर द्यायचा असतो. तो ऑडिटरने लिहून चालत नाही. प्रत्येक आक्षेपापुढे काय करणार, कधीपर्यंत करणार आणि जबाबदार कोण, हे द्यावं लागतं. जबाबदार म्हणून माझं नाव लिहिलं. हे अहवाल फेडरल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. माझी मुलगी तेव्हा कॉलेजच्या अर्जांत गुंतली होती. तिने कधी माझं नाव शोधलं तर हेच दिसेल, असा वेडा विचार मनात येऊन गेला.

शेजारच्या गावच्या अकाउंटंटने मला तेव्हा मोठा हात दिला. त्यांच्यावर तीन वर्षांपूर्वी असाच आक्षेप आला होता. तिने त्यांची खरेदीची लेखी पद्धत जशीच्या तशी पाठवली आणि सोबत लिहिलं, "आकडे तुमच्या गावाचे घाल, बाकी वापर." ती आम्ही फेब्रुवारीत मंजूर करून घेतली. आधीच तिला फोन केला असता तर तीन महिने वाचले असते. चूक झाली आहे हे बाहेर सांगायची मला लाज वाटत होती, म्हणून केला नाही.

अहवाल दाखल करायची मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून जास्तीत जास्त नऊ महिने, म्हणजे आमच्यासाठी ३१ मार्च २०२४. दाखल करण्याचं संकेतस्थळ ऑक्टोबर २०२३ पासून नवं झालं होतं. तिथे ठरावीक नमुन्यातल्या एक्सेल फायली भराव्या लागतात आणि अहवालाची पीडीएफ अशी लागते की तिच्यातले शब्द शोधता आले पाहिजेत. आम्ही सही करून स्कॅन केलेली प्रत चढवली. नाकारली गेली. रविवारी २४ मार्चला होळी होती. इथल्या मराठी मंडळींकडे पुरणपोळीचं जेवण होतं. नवरा आणि मुलगी गेले, मी कार्यालयात बसून पानं पुन्हा तयार केली. गावातर्फे आणि ऑडिटरतर्फे दोन वेगवेगळ्या माणसांनी तिथे प्रमाणित करावं लागतं. टाउन मॅनेजर रजेवर होते, त्यांचं लॉगिन तयारच केलेलं नव्हतं. ते त्यांनी विमानतळावरून केलं. बुधवारी २७ तारखेला अहवाल स्वीकारला गेला.

उशीर झाला तर पुढची दोन वर्षं गाव कमी जोखमीचं धरलं जात नाही, आणि ऑडिट आणखी मोठं होऊ शकतं. म्हणून माझं सांगणं आहे की लॉगिन आणि सॅमवरची गावाची नोंदणी, हे दोन्ही शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. ती नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते.

इंजिनियरच्या त्या ४२ हजारांबद्दल उन्हाळ्यात ट्रेझरीचं पत्र आलं. दर वाजवी होता याचा पुरावा मागितला होता. आम्ही त्याच फर्मची आणि दुसऱ्या दोन फर्मची तशाच कामांची बिलं आसपासच्या गावांकडून मागवली आणि नवी खरेदी पद्धत जोडली. पैसे परत मागितले नाहीत. तसं कळवणारं पत्र आलं त्या दिवशी मी गाडीत बसून थोडी रडले आणि मग घरी गेले.

आता मी दर तिमाहीला प्रत्येक खात्यात स्वतः जाऊन विचारते: कुठे अर्ज केला आहे का, काही मंजूर झालं आहे का. ईमेलवर विचारलं की "काही नाही" असं उत्तर येतं. समोर बसलं की पोलीस खात्याला मिळालेल्या जॅकेटांची आठवण निघते. प्रत्येक ग्रँटची एक फाइल, पहिलं पान मंजुरीचं पत्र, दुसरं पान अटी. २५ हजारांवरच्या कोणत्याही ऑर्डरला सॅमची तारखेसह प्रिंट जोडलेली नसेल तर मी सही करत नाही. बाकी कामाला उशीर होतो, लोक कुरकुरतात. कुरकुरू देते.

मध्यंतरी सिंगल ऑडिटची मर्यादा साडेसात लाखांवरून दहा लाख झाली, तेव्हा बऱ्याच गावांना वाटलं की लगेच सुटलो. पण ती १ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांना लागू आहे. आमच्यासारखं १ जुलैला वर्ष सुरू होत असेल, तर २०२४-२५ ला जुनीच मर्यादा. हे मी शेजारच्या तीन गावांना फोन करून सांगितलं.

कोविड निधीचा शेवटचा डॉलर जून २०२५ मध्ये खर्च झाला. त्यानंतर पाच वर्षं कागद जपून ठेवायचे आहेत. सगळ्या फायली दोन खोक्यांत भरल्या आणि तळघरातल्या वरच्या फळीवर ठेवल्या, कारण खालच्या फळीला पाऊस पडला की ओल येते. खोक्यांवर मार्करने तारीख लिहिली: जून २०३०. फोटो आप्पांना पाठवला. त्यांचा मेसेज आला, "यादी आत घातलीस का? कुठल्या खोक्यात काय, त्याची." घातली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन घातली.